काचेतला दाव्याचा पीळ

भरे गावात शेती करणारे पुष्कळ, पिरंगुटच्या कारखान्यांत पाळी करणारे त्याहून जास्त, पण काच फुंकणारा माणूस एकच, चंद्रकांत कंधारे. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्याचं टेबल आहे. टेबलावर बर्नर, शेजारी गॅस आणि ऑक्सिजनची सिलिंडरं आणि त्यांच्यामध्ये स्टुलावर पासष्टीचा हा गडी. कॉलेजांतले आणि कारखान्यांतले फुटके चंबू, तडकलेल्या नळ्या त्याच्याकडे येतात आणि धड होऊन परत जातात. गावाला हा धंदा कधी नीट कळला नाही. सोयरीक जुळवताना मध्यस्थाने "मुलगा सायन्समध्ये आहे" एवढंच सांगितलं होतं. नवरा दिवसभर नळीत फुंकतो हे जयाबाईंना लग्नानंतर कळलं. "मंग बासरी तरी वाजवायची," असं त्या तेव्हा म्हणाल्या होत्या आणि अजूनही म्हणतात.

चंद्रकांतची एक खोड लहानपणापासूनची होती, ती म्हणजे चौकशी. एखादी वस्तू कशी चालते हे कळेपर्यंत त्याला घास गोड लागत नसे. बापाने, गेणबाने, आणलेला नवा कंदील त्याने दुसऱ्याच दिवशी सुटा केला होता आणि जोडायला आठवडा घेतला होता. दहावीला इंग्रजीत गचकला. गेणबाने त्याला वावरात घातला, बैलांची दावी वळायला शिकवलं, आणि पोरगा आता शेतीत मुरतो म्हणून निश्चिंत झाला. तेवढ्यात कुणीतरी सांगितलं की पुण्याच्या एका सरकारी प्रयोगशाळेत काचकामाला शिकाऊ पोरं घेतायत. चंद्रकांत गेला तो नोकरीसाठी कमी आणि काच वितळते कशी हे बघायला जास्त.

तिथले रामदास मास्तर हे काचेतलं पोचलेलं माणूस. ते म्हणायचे, "काच आन् सासू, दोनी हळूहळू गार होऊ द्याव्या. घाई केली की तडकत्यात." चंद्रकांतच्या हाताला त्यांनी वळण लावलं, पण त्याच्या खोडीचं काही करता आलं नाही. बाकीचे कारागीर नळी बनवून देत आणि विसरून जात. हा मात्र जेवणाच्या सुट्टीत ती नळी जिथे गेली त्या खोलीच्या दारात उभा. "ह्यात काय शिजतंय?" हा त्याचा ठरलेला प्रश्न. साहेब लोक हाकलून देत. हाकललं नाही ते एकाच बाईने, आणि ती होती अमेरिकेची.

तिचं नाव रूथ हॅलस्टेड. अडतीस वर्षांमागे ती दीड वर्षासाठी पुण्यात आली होती. चाळिशीला टेकलेली, उंच, सुती सलवार-कमीज घालणारी, आणि डाव्या खिशात कायम पेन्सिलीचा तुकडा. तिने चंद्रकांतला दारातून आत बोलावलं, स्टूल दिलं, आणि मोडक्या हिंदीत सांगितलं की गवती चहाच्या तेलात दोन सुवास आहेत, जुळ्या भावंडांसारखे. ते एकमेकांपासून वेगळे करायचे आहेत. उकळून वाफ केली की दोघंही एकदमच वर येतात, सोडतच नाहीत एकमेकांना. घरी रोज चहात पडणाऱ्या पातीत एवढी भानगड आहे हे ऐकून चंद्रकांत दोन दिवस चहा पिताना थांबून थांबून वास घेत होता.

ही सगळी जुनी गोष्ट. ती वर आली गेल्या जानेवारीत, एका मंगळवारी सकाळी, जेव्हा शेडच्या दारात एक गाडी थांबली आणि तिच्यातून पस्तिशीची एक बाई उतरली.

"कंधारे काका ना? मी उत्कर्षा. सूसला राहते. पुण्यात कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते." मग जरा थांबून तिने खुलासा केला, "रूथ हॅलस्टेड माझ्या गुरू. अमेरिकेत पाच वर्षं मी त्यांच्याकडे शिकले."

चंद्रकांतने बर्नर बंद केला. हातातली नळी तशीच हातात राहिली.

"म्याडम हायेत?" त्याने विचारलं.

"आहेत. सत्त्याहत्तर वर्षांच्या आहेत. गेल्या वर्षी त्यांना फार मोठं पारितोषिक मिळालं."

हे ऐकून चंद्रकांतला झालेला आनंद खरा होता. त्याच्या मागोमाग जी धास्ती आली, तीही तितकीच खरी होती, आणि ती का आली हे अख्ख्या जगात त्याला एकट्यालाच माहीत होतं.

जयाबाईंनी चहा आणला, गवती चहा घातलेलाच. उत्कर्षा सांगत होती. ती रूथबाईंचं चरित्र लिहीत होती. बाईंचा जन्म एका लहान शेतकी गावातला, वडील दुधाच्या डेअरीत कामाला. दहाव्या वर्षापासून सुट्टीत तिथे बाटल्या धुवायचं काम. एकदा साबण संपला म्हणून तिने राख आणि चरबी शिजवून स्वतःच साबण करून पाहिला, सगळ्या बाटल्यांना वास लागला आणि बापाचा एक दिवसाचा पगार कापला गेला. तिथून रसायनशास्त्राचा नाद लागला. कॉलेजात वर्गात ती एकटी मुलगी. प्राध्यापक तिला "मिस" म्हणत, बाकीच्यांना नावाने हाक मारत. नोकरी मिळायला नऊ वर्षं गेली. पुण्याला आली तेव्हा तिकडे तिला कुणी ओळखत नव्हतं. इथून परत गेली ती एका कामाच्या जोरावर: जे कुणाला जमलं नव्हतं ते तिने केलं होतं, ते दोन सुवास वेगळे करून दाखवले होते. पुढे त्याच रीतीने तिने औषधांतली नको असलेली जुळी द्रव्यं वेगळी केली आणि तिचं नाव झालं.

"आणि हे सगळं झालं तुम्ही बनवलेल्या एका काचेच्या उभ्या नळीत," उत्कर्षा म्हणाली. "त्या तिला 'पुण्याची म्हातारी' म्हणायच्या. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत."

"म्हातारी," चंद्रकांत पुटपुटला. "कशी हाय ती?"

"गेल्या वर्षी प्रयोगशाळा रिकामी करताना हमालांच्या हातून पडली. पार चुरा झाला."

ते ऐकून चंद्रकांतला आधी सुटल्यासारखं वाटलं आणि मग त्या सुटकेची लाज वाटली.

पण उत्कर्षाचं बोलणं संपलं नव्हतं. पारितोषिक मिळाल्यावर लोकांनी जुने कागद उघडले. एका तरुण शास्त्रज्ञाने रूथबाईंच्या छापील आकृतीबरहुकूम तीन वेळा नळी करून घेतली. एकदाही ते सुवास वेगळे झाले नाहीत. त्याने लेख लिहिला. बाईंना खोटं म्हटलं नाही. फक्त 'हे आकडे आजवर दुसऱ्या कुणालाही मिळालेले नाहीत' असं एक वाक्य लिहिलं. त्या लोकांत हे आईवरून शिवी दिल्यासारखंच आहे. बाईंनी महिनाअखेरपर्यंत उत्तर द्यायचं होतं, आणि त्यांच्याजवळ उत्तर नव्हतं. नळी फुटली होती.

"त्या मला फोनवर म्हणाल्या, मी मरायच्या आधी मला एवढंच कळू दे की माझं काय चुकलं," उत्कर्षा म्हणाली आणि पिशवीतून एक कागद काढून टेबलावर पसरला. "ही मूळ आकृती. काका, अगदी हिच्यासारखीच नळी पुन्हा करून द्याल?"

पेन्सिलीने काढलेली आकृती होती. चंद्रकांतने ती ओळखली. कोपऱ्यातला चहाचा डागही ओळखला, कारण तो त्याच्याच कपाचा होता. एक लांब नळी, तिच्या आत सर्पिल वळत गेलेली दुसरी बारीक नळी. वळसे खालपासून वरपर्यंत सारखे, दोन वळशांमध्ये तेवढंच अंतर. बाहेरून आणखी एक कवच, आतून चांदीचा मुलामा, थर्मासला असतो तसा. आणि कवचावर बोटभर रुंदीची एक उभी पट्टी मुलाम्याशिवाय मोकळी सोडलेली, आत काय चाललंय ते दिसावं म्हणून.

"बघतो," तो म्हणाला. "दोन दिसांनी या."

उत्कर्षा गेली. जयाबाई कपबशा उचलायला आल्या आणि नवऱ्याचं तोंड बघून तिथेच बसल्या.

"अवं, काय झालंय? बाईला बक्षीस मिळालं तर तुमी असं का बसलाय?"

अडतीस वर्षांत पहिल्यांदा चंद्रकांतने ते बोलून दाखवलं.

त्या वर्षी वैशाखात रामदास मास्तर लेकीच्या लग्नाला गावी गेले होते. रूथबाईंची नळी अडली होती. तसल्या परदेशी काचेची प्रयोगशाळेत एवढी एकच नळी उरली होती. चंद्रकांतला धीर नव्हता, पण हौस होती. बारीक नळी ज्योतीवर मऊ करायची, लोखंडी दांड्यावर गुंडाळत न्यायची, आणि एकदा सुरू केलं की थांबायचं नाही. थांबलं की काच जागीच आखडते. त्याने सुरू केलं. डोळे ज्योतीवर होते आणि हात आपसूक चालले होते. काम संपलं, भट्टीत ठेवून हळूहळू गार केलं, दुसऱ्या दिवशी बाहेर काढलं आणि त्याच्या पायाखालची जमीन सरकली. वळसे सारखे नव्हते. खाली दाट, एकाला एक खेटून. आणि वर जाता जाता सैल, मोकळे होत गेलेले.

"तुज्या ध्यानात येतंय का, ते कसलं व्हतं?" त्याने जयाबाईंना विचारलं. उत्तराची वाट न बघता त्याने कोपऱ्यातलं वासराचं दावं उचललं आणि तिच्या मांडीवर टाकलं.

जयाबाईंनी दाव्यावरून बोटं फिरवली. कंधाऱ्यांच्या घरात दावं एका विशिष्ट रीतीने वळतात. खुंट्याकडच्या टोकाला पीळ घट्ट, म्हणजे जनावराने हिसका दिला तरी तुटत नाही. मानेकडे येता येता पीळ सैल करत आणायचा, म्हणजे मान सोलत नाही. चार बोटं घट्ट, मग दर चार बोटांना थोडं थोडं ढिलं. गेणबाने पोराच्या हातावर छड्या मारून हे शिकवलं होतं.

"हातानं काचंचं दावं वळलं म्हना," जयाबाई म्हणाल्या. "सुंभ जळंल पन पीळ जायाचा न्हाई. आन् मंग?"

मग पुढचं त्याने केलं ते जास्त वाईट होतं. मास्तर असते तर त्यांच्या पाया पडून सांगितलं असतं. दुसरी काच नव्हती, बाईंचे परतीचे दिवस जवळ आले होते. त्याने ते वेटोळं तसंच कवचात बसवलं, बंद केलं, आणि आतून चांदी चढवली. मोकळी पट्टी सोडलीच नाही. सगळं झाकून टाकलं. बाईंनी विचारलं, पट्टी कुठे? तो म्हणाला, राहून गेली. त्या हसल्या आणि म्हणाल्या, असू दे, काम झालं म्हणजे झालं. तीन आठवड्यांनी त्या धावत काचकामाच्या खोलीत आल्या, त्याचे दोन्ही हात धरले आणि त्याला अक्षरशः गरगर फिरवलं. सुवास वेगळे झाले होते.

"तवापासनं डोक्यात एकच किडा हाय," चंद्रकांत म्हणाला. "वाकडी नळी चालली कशी? लई वाटायचं कुनाला तरी इचारावं. पन इचारायचं म्हंजी आदी सांगाया पायजे."

"आन् ती पेटीतली चिठ्ठी?"

चंद्रकांतने तेही सांगितलं. बाई गेल्यावर तीन वर्षांनी अमेरिकेहून एक पाकीट आलं होतं. आत एकच कागद, इंग्रजीत, आणि कागदाच्या मध्यावर त्या नळीचं चित्र, भोवती प्रश्नचिन्ह. ते चित्र बघूनच तो समजला की चोरी पकडली गेली. प्रयोगशाळेत इंग्रजी वाचणारे ढीगभर होते. पण वाचून घ्यायचं म्हणजे त्यांनाही कळणार. त्याने पाकीट पेटीच्या तळाशी टाकलं. नोकरी संपली, भऱ्याला शेड टाकली, पेटी इकडे आली, पाकीट तसंच राहिलं.

"लेकीसारख्या पोरीकडून वाचून घ्या," जयाबाई म्हणाल्या. "तितं ती बाई खोटी पडतीया आन् तुमी हितं पेटीवर बसलाय. त्या बाईनं तुमाला खुर्ची दिली व्हती, बाकीच्यांनी दार दावलं व्हतं. हे तुमीच मला धा येळा सांगितलंय."

"खुर्ची न्हाई, स्टूल," चंद्रकांत म्हणाला. पण त्याचा जीव चरकला होता.

दोन दिवसांनी उत्कर्षा आली. टेबलावर आकृती नव्हती. तिथे एक जुनं पाकीट आणि एक दावं ठेवलेलं होतं.

"ताई, आदी हे वाचा," तो म्हणाला. "मराठीत सांगा. जे असंल ते सांगा, मऊ करू नगा."

तिने कागद काढला, स्वतःशी वाचला आणि तिचा चेहरा बदलला. चंद्रकांतने मान खाली घातली.

"त्या लिहितात," ती हळू बोलू लागली, "'प्रिय चंद्रकांत, इथले दोन चांगले कारागीर माझी आकृती बघून नळी करत आहेत आणि ती चालत नाही. तुझी चालते. म्हणजे तू असं काहीतरी केलं आहेस जे मी काढलेलंच नाही. आत बघायचं तर नळी फोडावी लागेल, आणि मला धीर होत नाही. तू काय केलंस ते मला कळव. ते दुरुस्त करायला मी विचारत नाही. मला ते शिकायचं आहे. आणि ते तुझं आहे, तर त्यावर तुझं नाव लागलं पाहिजे.'" तिने कागद उलटा केला. "खाली लिहिलंय, 'उत्तराची वाट बघते.'"

पस्तीस वर्षं ज्या कागदाला तो वॉरंट समजत होता तो कागद म्हणजे त्याच्यासारखाच एक प्रश्न होता. त्याच्याजवळ तिचं उत्तर होतं आणि तिच्याजवळ त्याचं, आणि मध्ये एक पत्र्याची पेटी. चंद्रकांतच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्याने ते पुसलं नाही.

मग त्याने सगळं सांगितलं. मास्तरांची रजा, झाकलेली पट्टी, काही गाळलं नाही. शेवटी दावं उत्कर्षाच्या हातात दिलं. ती ते बराच वेळ उलटसुलट करून बघत होती, आणि एकाएकी तिनेच टेबलावरचा पेन्सिलीचा तुकडा उचलला.

"काका, खाली वाफ दाट असते. तिथे वळसे घट्ट म्हणजे तिला लांब वाट चालावी लागते, दोन्ही द्रव्यांना सुटायला वेळ मिळतो. वर वाफ विरळ. तिथे वाट मोकळी पाहिजे, नाहीतर खाली येणारा थेंब अडकतो. मला वाटतं असं असेल. करून बघितल्याशिवाय सांगता येणार नाही."

"मंग करूनच बगू," चंद्रकांत म्हणाला. अडतीस वर्षांचं ओझं नुकतंच उतरलेला माणूस इतक्या लगेच चौकशीला लागेल असं तिला वाटलं नव्हतं.

पासष्टीचा दम पंचविशीचा नसतो. पहिलं वेटोळं मधेच आखडलं, दुसरं हात थरथरल्यामुळे गेलं. तिसऱ्या वेळी उत्कर्षाने बघितलं, तो बसायच्या आधी परसात गेला, दहा मिनिटं काथ्याचं दावं वळत बसला, आणि हात तापल्यावर तसाच उठून ज्योतीपाशी आला. ते वेटोळं एका दमात उतरलं. चांदी चढवताना त्याने बोटभर पट्टी मोकळी सोडली आणि ती सरळ आली आहे ना हे तीनदा डोळा लावून पाहिलं.

नळी उत्कर्षाच्या कॉलेजात गेली. सहा दिवसांनी तिने दोन लहान बाटल्या आणल्या. चंद्रकांतने एक हुंगली, मग दुसरी. एकात लिंबू पुढे होता. दुसऱ्यात तोच लिंबू, पण मवाळ, गोडसर. घरचा चहा मधोमध चिरल्यासारखे ते दोन वास होते. जयाबाईंनीही हुंगून बघितले आणि म्हणाल्या, "एवढ्यासाठी?" मग दुसरी बाटली पुन्हा मागून घेतली.

त्याच दिवशी ई-मेलने पाठवायचं पत्र लिहिलं गेलं. चंद्रकांत सांगत होता, उत्कर्षा इंग्रजीत उतरवत होती. 'पट्टी राहून गेली नव्हती. मी झाकली होती. चूक माझी, म्याडम खऱ्या.' एवढं झाल्यावर तो दाव्याबद्दल आणि आकृतीवरच्या चहाच्या डागाबद्दल इतकं सांगू लागला की पत्राची चार पानं झाली.

रूथबाईंचं उत्तर दुसऱ्याच दिवशी उत्कर्षाच्या फोनवर आलं. तिने ते चंद्रकांतला फोन करून मराठीत वाचून दाखवलं. 'तू झाकलंस आणि मी नाव कमावलं. माझीही चूक ऐक. तुझं उत्तर आलं नाही तेव्हा मी कुणाला तरी पुण्याला तुझ्याकडे पाठवायला हवं होतं. मी मनाशी ठरवलं की तुला आठवत नसेल. तू तर माझ्या आकृतीवरचा तुझ्या चहाचा डागसुद्धा विसरला नाहीस. आता नवी आकृती छापायची आहे. पीळ सैल होतो तो किती अंतरावर? मिलिमीटरमध्ये सांग.'

"मिलिमीटर मला ठाव न्हाई," चंद्रकांत म्हणाला. "चार बोटं."

"काका, कुणाची चार बोटं? प्रत्येकाची वेगळी असतात."

त्याने जरा विचार केला. मग एक कोरा कागद टेबलावर ठेवला, त्यावर आपला उजवा हात पालथा पसरला, जळल्याच्या जुन्या डागांसकट, आणि जयाबाईंना पेन्सिल दिली. त्यांनी बोटांच्या कडेकडेने, आयुष्यात पहिल्यांदाच, नवऱ्याच्या हाताचं चित्र काढलं.

ते अमेरिकेला गेलं. महिनाअखेरीस रूथबाईंचं उत्तर छापून आलं आणि त्यासोबत नवी आकृती. खाली दोन नावं होती, चंद्रकांत कंधारे आणि मग रूथ हॅलस्टेड. उत्कर्षाने तो कागद शेडच्या पत्र्याला लावला. आकृतीत वेटोळं खाली दाट होतं आणि वर सैल, आणि शेजारी जिथे मोजपट्टी असायची तिथे एक हात छापलेला होता. त्याखाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं: एक बोट म्हणजे एकोणीस मिलिमीटर.

चंद्रकांतने आपलं बोट त्या छापील बोटावर ठेवून पाहिलं. बरोबर बसलं.